हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये कोणते ऑइल घालावे : खनिज तेल, डॉट ४ की डॉट ५.१?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : दुसऱ्याकडून घेतलेल्या माउंटन बाइकचा मागचा ब्रेक लांब उतारावर मऊ पडतो आणि लिव्हर जवळजवळ हँडलबारला टेकतो. घरात मोटारसायकलसाठी आणलेली डॉट ४ या ब्रेकच्या द्रव्याची अर्धी बाटली पडून आहे. ती वापरावी, की ५ हा आकडा ४ पेक्षा मोठा म्हणून डॉट ५ विकत आणावे, की सरळ खनिज तेल भरावे, हे आपल्याला ठरवायचे आहे. ब्रेकसोबत माहितीपुस्तिका नाही.

डॉट की खनिज तेल ही निवड आता आपल्या हातात राहिलेली नाही. ब्रेक बनवणाऱ्याने आत ज्या रबराची सील बसवली, त्याच दिवशी ती निवड होऊन गेली. आपल्या हातात उरते ते एवढेच : त्या जातीतले योग्य ऑइल ओळखणे, ते ताजे असताना भरणे आणि वेळेवर बदलणे. त्यामुळे ब्रेकची ओळख पटेपर्यंत घरातली ती बाटली उघडू नये, ही माझी पहिली विनंती.

सीलवर एवढा भर का, ते आधी सांगतो. लिव्हरमधल्या मास्टर सिलिंडरचा (ऑइलवर दाब देणाऱ्या नळकांड्याचा) पिस्टन आणि कॅलिपरमधले, म्हणजे चाकापाशी डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातले, पिस्टन यांच्याभोवती रबरी कडी असतात. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही द्रव्ये ग्लायकॉल ईथर आणि बोरेट एस्टर यांच्या रसायनावर बेतलेली असल्यामुळे त्यांच्यासोबत टिकणारे ईपीडीएम नावाचे रबर वापरले जाते. खनिज तेल हे पेट्रोलियमच्या कुळातले, आणि त्या कुळातल्या तेलाचा स्पर्श झाला की ईपीडीएम फुगते, मऊ होते आणि आपला आकार सोडते. म्हणून खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये सामान्यतः नायट्राइल जातीचे रबर असते, आणि ते ग्लायकॉलमध्ये खराब होते. म्हणजे चूक कोणत्याही दिशेने केली तरी परिणाम वाईटच. शिवाय तो लगेच दिसत नाही, हे अधिक धोक्याचे आहे. चुकीचे ऑइल भरल्यावर पहिल्या दिवशी लिव्हर अगदी कडक लागते आणि काम फत्ते झाल्याचा भास होतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका सायकलीत कोणीतरी खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये डॉट भरले होते. मालकाच्या सांगण्यानुसार पहिले काही दिवस ब्रेक उत्तम चालला. मग लिव्हर सोडल्यावर परत यायला वेळ घेऊ लागली, आणि शेवटी पॅड डिस्कला चिकटूनच राहिले. उघडून पाहिले तेव्हा सील फुगून सिलिंडरमध्ये घट्ट अडकले होते. अशा वेळी नुसते धुऊन योग्य ऑइल भरण्याने भागत नाही. ज्या ज्या रबरी भागाला ते द्रव्य लागले असेल तो प्रत्येक भाग बदलावा लागतो. काही उत्पादक ही सील सुटी विकतच नाहीत, त्यामुळे बऱ्याचदा लिव्हर आणि कॅलिपर दोन्ही नवे घेण्यावर गोष्ट येते.

आता आपला ब्रेक ओळखण्याविषयी. बहुतेक लिव्हरच्या टाकीच्या झाकणावर किंवा बॉडीवर कोणते ऑइल वापरायचे ते कोरलेले अथवा छापलेले असते. चिखल पुसून, प्रकाश तिरपा पाडून पाहिले तर झिजलेली अक्षरेही वाचता येतात. अक्षरे पूर्ण गेली असतील तर लिव्हर आणि कॅलिपरवरील मॉडेल क्रमांकावरून उत्पादकाच्या सूचना शोधाव्यात. साधारण चित्र असे आहे : शिमानो, मागुरा, टेक्ट्रो आणि टीआरपी यांचे ब्रेक खनिज तेलावर चालतात, तर होप आणि हेजचे डोमिनियन हे डॉटवर. एसरॅमच्या बाबतीत मात्र नावावर विसंबून चालणार नाही, कारण गाइड, कोड आणि लेव्हल ही मॉडेले डॉटची आहेत, पण डीबी८ आणि मेव्हन खनिज तेलाची. फॉर्म्युलाचेही तसेच, त्यांचे जुने ब्रेक डॉट ४ चे, पण क्यूरा खनिज तेलाचा. म्हणून 'अमुक कंपनी म्हणजे अमुक ऑइल' हा नियम पाठ करण्याऐवजी हातातले मॉडेल पाहावे.

आपली सायकल दुसऱ्याने वापरलेली असल्यामुळे आणखी एक तपासणी सुचवतो. जुन्या ऑइलचे दोन-तीन थेंब काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाकावेत. डॉट पाण्यात मिसळून जाते. खनिज तेल वर तरंगत राहते. रंगावरून निष्कर्ष काढू नये. शिमानोचे तेल लाल आणि मागुराचे निळे असते हे खरे, पण वापरलेले कोणतेही ऑइल काही काळाने तपकिरी-काळे दिसू लागते. या ग्लासाच्या परीक्षेने आत काय आहे ते कळते, काय असायला हवे होते ते कळत नाही. झाकणावर एक लिहिलेले आणि आत दुसरेच निघाले, तर तो ब्रेक तसाच भरून चालवू नये.

समजा आपला ब्रेक डॉटचा निघाला. मग ३, ४, ५ आणि ५.१ या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण या क्रमाने जितके ग्राहक फसवले आहेत तितके कुठल्या जाहिरातीनेही फसवले नसतील. हे वर्ग अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानकातून आले आहेत आणि त्यांत किमान उत्कलनबिंदू ठरवलेले आहेत. डॉट ३ चा कोरडा, म्हणजे ताज्या द्रव्याचा, उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस आणि ओला १४० अंश, डॉट ४ चा २३० आणि १५५, डॉट ५.१ चा २६० आणि १८०. 'ओला' म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी शोषलेल्या द्रव्याचा. डॉट ५ चे किमान आकडे ५.१ सारखेच आहेत, पण ते द्रव्य मुळातच निराळे आहे : ते सिलिकॉनवर आधारलेले असते, त्याचा रंग जांभळा असतो आणि ते ग्लायकॉलच्या द्रव्यांत मिसळत नाही. आपल्या सायकलच्या डॉट ब्रेकमध्ये डॉट ५ घालायचे नाही. दुकानात बाटली उचलताना ५ च्या पुढचा तो बारीकसा '.१' आहे की नाही, हे दोनदा पाहावे.

डॉट ४ आणि डॉट ५.१ एकाच कुळातली असल्यामुळे एकमेकांत मिसळली तरी सील बिघडत नाहीत. मिश्रणाचे गुण दोहोंच्या मधले राहतात, एवढेच. उत्पादकाने दोन्हींना परवानगी दिली असेल तर मी ५.१ घेतो. त्याचे कारण केवळ उत्कलनबिंदू नाही. थंडीत द्रव्य किती दाट होते याचीही मर्यादा मानकात आहे : उणे ४० अंशांवर डॉट ४ साठी ती १८०० चौरस मिलिमीटर प्रति सेकंद आहे, तर ५.१ साठी ९००. सायकलची होज, म्हणजे लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत ऑइल नेणारी नळी, फार बारीक असते आणि मागच्या ब्रेकची तर लांबही. द्रव्य पातळ असेल तर गारठ्यात लिव्हर सोडल्यावर ते टाकीकडे पटकन परतते आणि लिव्हरची पकड एका जागी राहते. कडाक्याच्या थंडीत सायकल चालवत नसाल तर हा फरक हाताला जाणवणारही नाही. बाजारात शर्यतीच्या मोटारींसाठी बनवलेले, कोरडा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असलेले डॉट ४ सुद्धा मिळते. तो आकडा मोहात पाडतो. पण असे द्रव्य वारंवार बदलले जाईल हे गृहीत धरूनच वापरले जाते, आणि वर्षभर सायकलमध्ये राहणाऱ्या ऑइलसाठी ओला आकडाच अधिक महत्त्वाचा आहे. बाटलीवर तो लहान अक्षरांत असतो. तो शोधून वाचावा.

ओला आकडा महत्त्वाचा का, हे समजायला पाणी ब्रेकमध्ये काय करते ते पाहू. डॉट द्रव्य हवेतली आर्द्रता ओढून घेते. होजच्या भिंतीतून, सीलच्या कडेने आणि टाकीच्या रबरी पडद्यातून ती हळूहळू आत येते आणि द्रव्यात सर्वत्र सारखी विरघळते. परिणामी उत्कलनबिंदू टप्प्याटप्प्याने खाली येतो. एका वर्षानंतर आपण बाटलीवरच्या कोरड्या आकड्याच्या भरवशावर उतरत नसता. खनिज तेल पाणी शोषत नाही, म्हणून त्याचा स्वतःचा उत्कलनबिंदू वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही. हे ऐकून खनिज तेल निर्विवाद श्रेष्ठ वाटेल. परंतु त्या प्रणालीत पाणी शिरलेच तर ते विरघळत नाही, थेंबाच्या रूपात वेगळे राहते, आणि तेलापेक्षा जड असल्यामुळे उतरत उतरत सर्वांत खालच्या जागी, म्हणजे नेमके सर्वांत तापणाऱ्या कॅलिपरमध्ये, जाऊन बसते. तिथे त्याला उकळायला शंभर अंश पुरतात. समुद्रसपाटीपासून ३००० मीटर उंचीवर तर पाणी सुमारे ९० अंशांनाच उकळते, आणि टाकीतला रबरी पडदा बाहेरचा हवेचा दाब आत जसाच्या तसा पोचवत असल्यामुळे हा नियम बंद ब्रेकलाही लागू होतो.

उकळण्याची ही क्रिया नेमकी कधी घडते तेही लक्षात घेण्याजोगे आहे. लिव्हर दाबलेली असते तेव्हा आतला दाब मोठा असल्यामुळे तापलेले द्रव्यही द्रवरूपात टिकून राहते. आपण लिव्हर सोडतो, दाब कोसळतो आणि त्या क्षणी वाफ धरते. पुढच्या वळणावर लिव्हर ओढली की ती ताकद पॅड दाबण्याऐवजी ती वाफ दाबण्यात खर्च होते. म्हणूनच 'आत्ता तर चांगला लागत होता, अचानक लिव्हर रिकामी गेली' असे अनुभव ऐकू येतात.

उष्णता येते कुठून, याचा एक हिशेब करून पाहा. चालक आणि सायकल मिळून १०० किलो वजन ५०० मीटर उंची उतरले, तर सुमारे ४९० किलोज्यूल ऊर्जा सुटते. तिचा काही वाटा हवेच्या आणि टायरच्या विरोधात जातो, पण सावकाश उतरणाऱ्या चालकाच्या बाबतीत बराचसा भाग दोन पातळ पोलादी डिस्क, पॅड आणि कॅलिपर यांनाच पचवावा लागतो. दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर वजनाची डिस्क ही उष्णता साठवू शकत नाही. ती हवेत सोडण्यासाठी तिला उसंत लागते. उतारभर ब्रेक हलकासा धरून ठेवणाऱ्याला ती उसंत मिळत नाही. वळणाआधी जोरात दाबून मग पूर्ण सोडणाऱ्याला मिळते. आपल्या तक्रारीत 'मागचाच ब्रेक' हा उल्लेख आहे, त्यावरून मला अशी शंका येते की आपण पुढच्या ब्रेकला भिऊन सारा भार मागच्यावर टाकत असाल. तसे असेल तर बाजारातले सर्वोत्तम ऑइलही आपल्याला अर्धेच वाचवेल.

त्यामुळे ऑइलवर खर्च करण्याआधी आपल्या लक्षणाचा नीट निवाडा करावा. घरात, थंड ब्रेकवरसुद्धा लिव्हर स्पंजासारखी लागत असेल तर आत हवा आहे. ब्लीड करावे लागेल, म्हणजे ऑइल आतून ढकलून ती हवा बाहेर काढावी लागेल. दोन-तीन वेळा भराभर दाबल्यावर लिव्हर कडक होत असेल तर एकतर हवा आहे किंवा पॅड झिजून पिस्टनना जास्त अंतर कापावे लागते आहे. लिव्हर दाबून धरली आणि ती हळूहळू बारकडे सरकत राहिली, तर कुठले तरी सील गळते आहे. होजचे सांधे आणि पिस्टनच्या कडा कोरड्या कापडाने पुसून पाहाव्यात. लिव्हर कडक आहे, पण सायकल थांबत नाही, असे असेल तर दोष द्रव्याचा नाहीच, पॅडचा आहे : ते तापून गुळगुळीत झाले आहेत किंवा त्यांना तेल लागले आहे. थंड असताना उत्तम, उतारावर तापल्यावर मऊ, आणि थोडे थांबल्यावर पुन्हा बरी, असे असेल तरच उकळणाऱ्या द्रव्याचा संशय धरावा. आपले वर्णन या शेवटच्या प्रकाराच्या जवळ जाते. पण आत राहिलेला हवेचा बुडबुडाही तापल्यावर फुगतो, म्हणून ऑइल बदलताना ब्लीड काटेकोर केले की दोन्ही शक्यता एकदमच निकालात निघतात.

आता समजा आपला ब्रेक खनिज तेलाचा निघाला. डॉटला जसे समान मानक आहे तसे सायकलच्या खनिज तेलाला नाही. प्रत्येक उत्पादकाचे तेल स्वतःच्या सूत्राचे असते. दाटपणा आणि मिश्रणे वेगवेगळी असतात. एका कंपनीचे तेल दुसरीच्या ब्रेकमध्ये घातल्याने सील सहसा लगेच नासत नाहीत, पण लिव्हरचा स्पर्श आणि परत येण्याचा वेग बदलू शकतो, आणि हमीवर पाणी सोडावे लागते ते वेगळेच. इतकेच काय, शिमानोने २०२५ च्या एक्सटीआर या मॉडेलच्या ब्रेकसोबत कमी दाटपणाचे नवे तेल आणले आहे, त्यामुळे 'शिमानोचे तेल' एवढे म्हणूनही आता पुरत नाही. कोणत्या मॉडेलला कोणते, ते पाहावे लागते. माझा सल्ला सरळ आहे : ज्या कंपनीचा ब्रेक, त्याच कंपनीने त्या मॉडेलसाठी सांगितलेले तेल. एका ब्रेकमध्ये मोजके मिलिलिटर तेल मावते. लहानशी बाटली अनेक ब्लीडना पुरते. इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

लहान मुलांना चोळायचे तेल, शिलाई यंत्राचे तेल, सस्पेन्शनचे तेल, पॉवर स्टीअरिंगचे तेल यांच्या शिफारशी आपल्या कानावर येतील. 'सगळे खनिजच तर आहे' हा त्यामागचा युक्तिवाद. पेट्रोलियमपासून बनलेल्या तेलांत दाटपणा, थंडीतले वर्तन आणि मिसळलेली रसायने यांत केवढा तरी फरक असतो, आणि सुगंधी तेलाच्या बाटलीवर उत्कलनबिंदू छापलेला नसतो. अडचणीच्या जागी घर गाठण्यापुरते कोणी असे केले तर मी समजू शकतो. दुरुस्ती म्हणून नाही.

बदलण्याची मुदत विचारायचे आपण विसरलात, तरी सांगतो. नियमित डोंगरात जाणाऱ्याने डॉट वर्षातून एकदा बदलावे, कारण ते सायकल नुसती उभी असतानाही पाणी ओढत असते. खनिज तेलात काळेपणा आला, लिव्हरची पकड जागा बदलू लागली किंवा सायकल पाण्यात बुडाली, की बदलावे. काहीच दिसले नाही तरी मी वर्षाने उघडून पाहतो. काळे पडलेले तेल म्हणजे जळलेले तेल असे सर्रास समजले जाते, पण त्यात सील आणि सिलिंडर यांच्या झिजेचे बारीक कणही असतात.

भरताना काही गोष्टी पाळाव्यात. पॅड आणि चाक आधी काढून ठेवावेत आणि पिस्टनच्या मध्ये ब्लीड ब्लॉक, म्हणजे पिस्टन बाहेर येऊ न देणारा ठोकळा, बसवावा. पॅडला कोणत्याही ऑइलचा थेंब लागला की ते पूर्ववत होईलच याचा भरवसा नसतो. डॉट रंग खाते, म्हणून फ्रेमवर सांडलेला थेंब लगेच भरपूर पाण्याने धुवावा, आणि हातमोजे व चष्मा घालावा. डॉटसाठी वापरलेली सिरिंज आणि नळ्या खनिज तेलाला कधीही वापरू नयेत. मी त्यांवर वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावतो आणि त्या वेगळ्या डब्यांत ठेवतो. डॉट भरण्याआधी सिरिंजचे तोंड बंद करून दट्ट्या मागे ओढावा, म्हणजे द्रव्यात मुरलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येते. ती काढून टाकावी. खनिज तेलाच्या फनेलच्या पद्धतीत (लिव्हरच्या टाकीवर तेलाचे नरसाळे बसवून) लिव्हर वेगवेगळ्या कोनांत वळवून, होजवर हलके टिचकी मारून बुडबुडे वर येऊ द्यावेत. इथे घाई करणारा दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा करतो.

ऑइल बदलूनही लांब उतारावर तोच त्रास राहिला, तर डिस्कचा आकार वाढवण्याचा विचार करावा. मागची डिस्क १६० मिलिमीटरची असेल तर १८० ची बसवल्याने उष्णता पसरायला अधिक जागा मिळते आणि तेवढ्याच ताकदीत अधिक रोध मिळतो. मात्र फ्रेम तो आकार पेलते का, ते उत्पादकाकडून खात्री करून घ्यावे. धातुमिश्रित पॅड उष्णतेत टिकतात, पण ती कॅलिपरकडे अधिक वाहूनही नेतात, हे निवडताना ध्यानात असू द्यावे.

राहिली घरातली अर्धी बाटली. आपला ब्रेक डॉटचा निघाला, झाकणावर डॉट ४ चालते असे लिहिलेले असले, तरीही ती वापरू नये. उघडल्यापासून ती हवेतले पाणी पीत आली आहे, आणि अर्ध्या रिकाम्या बाटलीत हवा भरपूर असते. मोटारसायकलमध्येही ती आता घालू नये. नवी, लहान, सीलबंद बाटली घ्यावी, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, आणि जुने ऑइल नाल्यात न ओतता बंद डब्यात साठवून, वापरलेले ऑइल स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. डॉट आणि खनिज तेल यांचे डबे तिथेही वेगळेच ठेवावेत.